दह्याचे महत्त्व सांगणारे शास्त्रज्ञ : मेच्निकॉव्ह

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या केरी गावात रात्री दुधाला विरजण लावणे हे आजीचे नित्याचे काम. त्या विरजणात कोट्यवधी जंतू नांदतात आणि ते आतड्यास हितकारक असावेत, असे जगाला आग्रहाने सांगणाऱ्या एली मेच्निकॉव्ह यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेच्निकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खार्किव प्रांतात झाला. ओदेसा येथे ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे त्यांचेच तेथील शिष्य! १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभाला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात, या सिद्धांताचा उगम तो. त्यासाठी १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू विष निर्माण करतात व त्यानेच अकाली वार्धक्य येते, असे त्यांचे मत बनले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी दही खातात हे कळताच, दह्यातील जंतू त्या विषाला आवर घालतील असे त्यांनी मानले व स्वतः रोज आंबवलेले दूध घेऊ लागले. येथे त्यांची थोडी घाई झाली, असे आम्हांस वाटते. आतड्यातील बहुतेक जंतू आपले सोबतीच आहेत, हे आता कळले आहे.

पुढे १९३० साली स्टोक्स व पिल्सबरी या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मन, आतडे व त्वचा यांचे नाते मांडले. आतड्यातील जंतू शरीराच्या प्रतिकारशक्तीला वळण लावतात. ते बिघडल्यास त्वचेवर दाह उमटू शकतो. २००१ साली फिनलंडमध्ये, ज्यांच्या घराण्यात असे विकार होते त्या मातांना प्रसूतीपूर्वी व नंतर बालकांना उपकारक जंतू दिले असता इसबाचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु नंतरच्या सर्वच प्रयोगांत तसे आढळले नाही. आणि एकदा झालेले इसब अशा जंतूंनी फारसे हटत नाही. ताक अवश्य प्यावे, पण इसबासाठी वैद्यच गाठावा.

मेच्निकॉव्ह १९१६ च्या जुलै महिन्यात, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिस येथे हृदयविकाराने निवर्तले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.