कॉलेज काढणारे बाबासाहेब

गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत १४ एप्रिलला जा. निळ्या पताका, विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक आणि मग भाषणे. भाषणांत चवदार तळे येते, पुणे करार येतो, संविधान येते, नागपूरची दीक्षा येते. बाबासाहेबांनी कॉलेजे काढली ही गोष्ट मात्र एका वाक्यात आटोपते : मुंबईला सिद्धार्थ, औरंगाबादला मिलिंद. ती का काढली, कोणाच्या सोयीने चालवली, भोवतालच्या माणसांशी त्यांचे नाते काय होते, हे सहसा कोणी सांगत नाही. चळवळीत नव्याने आलेल्या तरुणांना सर्वांत जास्त उपयोगी पडेल असा त्यांच्या आयुष्याचा भाग हाच आहे, म्हणून आज तेवढाच सांगतो.

सुभेदार रामजींचा हा मुलगा १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे ही तेव्हा एवढी मोठी बातमी होती की वस्तीने सत्कार सभा घेतली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर शिक्षक होते. बागेत एकटाच वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला होता. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे कॉलेजपर्यंतची वाट एका शिक्षकाच्या आपुलकीवर आणि एका महाराजांच्या औदार्यावर अवलंबून होती. बागेत ते शिक्षक भेटले नसते तर? मला वाटते, हा प्रश्न बाबासाहेबांच्या मनातून कधी गेला नाही. पुढची चाळीस वर्षे ते जे उभारत होते, ते योगायोगाने न भेटणाऱ्या हजारो मुलांसाठी होते.

१९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. पैसे संपले म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवून पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा करूनच आले. हा भाग सर्वांना पाठ आहे.

कमी सांगितले जाते ते पुढचे. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेचे पहिले ठळक काम म्हणजे १९२५ साली सोलापूरला काढलेले वसतिगृह. शाळा नाही, कॉलेज नाही, आधी वसतिगृह! यात मोठा व्यवहार होता. शाळा-हायस्कुले शहरात होतीच, कायद्याने दारही उघडे होते. पण खेड्यातून आलेला अस्पृश्य मुलगा रात्री झोपणार कुठे, जेवणार कुठे? शहरात त्याला खोली मिळत नव्हती, खानावळीत ताट मिळत नव्हते. सभेने त्याची राहण्याची, जेवणाची, पुस्तकांची सोय केली, आणि ती मुले लवकरच स्वतःचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवू लागली. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले, तरुणांसाठी हॉकीचा क्लबही काढला. वाचनालय आणि हॉकी एकाच संस्थेच्या यादीत, हे मला फार आवडते. तरुणांना ओढून आणायचे तर नुसते उपदेश पुरत नाहीत, हे ओळखणारा माणूस त्यामागे होता.

आजही देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी पहिला प्रश्न प्रवेशाचा नसतो, राहण्याचा असतो. आडनाव विचारून खोली नाकारल्याचे अनुभव अजूनही कानावर येतात. वसतिगृहाची यादी उशिरा लागली की मुलगी घरी परत जाते, आणि एकदा परत गेलेली मुलगी बहुधा पुन्हा येत नाही. शंभर वर्षांपूर्वी सोलापूरला जे ओळखले गेले, ते आपण आपल्या कामाच्या यादीत कितव्या क्रमांकावर ठेवले आहे?

१९२७ साली मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाल्यावर बाबासाहेबांनी शिक्षणावरच्या खर्चाचा प्रश्न लावून धरला. फी आणि खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला तर सरकारी शिक्षण ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याच घरी जाते, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारकडून तीन लाख रुपयांची शिष्यवृत्तीची तरतूद करून घेतली. काही विद्यार्थी त्यातून परदेशी गेले. आपली मुले आज महाडीबीटीवर जी भारत सरकार शिष्यवृत्ती भरतात, तिचे मूळ तिथे आहे. सायबर कॅफेत रांगेत उभ्या असलेल्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. इमारत नव्हती. महायुद्धासाठी उभारलेल्या लष्करी बराकींत वर्ग भरले. पण या कॉलेजची खरी नवी गोष्ट त्याची वेळ होती. वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा गिरणीत, कचेरीत, गोदीत काम करणाऱ्या तरुणांना शिकता यावे. मुंबईतल्या कामगार वस्तीचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे पोयबावाडीच्या चाळीत राहिलेल्या माणसाला माहीत होते. विद्यार्थ्याने नोकरी सोडून कॉलेजला यावे अशी अट न घालता कॉलेजनेच आपले घड्याळ त्याच्या घड्याळाला लावून घेतले. कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरे आणि बाबासाहेब स्वतः कायदेमंत्री असताना तिथे येऊन बोलले होते. दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडे होते. प्राध्यापक निवडताना ते जात नव्हे, विद्वत्ता पाहत.

आपल्याकडे प्रवेशाचे दिवस आणि धानाची रोवणी एकाच वेळी येतात. जून-जुलैत ज्या घरातली सगळी माणसे चिखलात वाकलेली असतात, त्याच घरातल्या मुलाने तेव्हा दाखले, अर्ज, फी आणि गुणवत्ता यादी यांच्यामागे धावायचे असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. जंगलाच्या कडेच्या गावांत त्यावर वर्षाचा बराचसा रोख पैसा ठरतो. जिल्ह्यातली किती कॉलेजे आपले वेळापत्रक ठरवताना रोवणीचा विचार करतात? वर्गातल्या हजेरीवरून मुलांना बोल लावणे सोपे आहे. सिद्धार्थ कॉलेजने मात्र आधी मुलगा कुठे आहे ते पाहिले.

मुंबईनंतर औरंगाबाद. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९४८ साली निजामाची सत्ता गेली, पण शिक्षणाची दैना तशीच राहिली. जवळचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, तिथे शिक्षण उर्दूत. खेड्यातल्या मराठी मुलाला, त्यातही दलित मुलाला, पदवी ही जवळजवळ अशक्य गोष्ट होती. बाबासाहेबांना मुंबईत पसारा वाढवणे सोपे होते. त्यांनी मागासलेला भाग निवडला. १९५० च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झाले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो आणि पटल्यावरच मान्य करतो. कॉलेजला नाव दिले ते उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचे. परीक्षेपुरत्या नोट्स पाठ करणाऱ्या आपल्या पिढीला हे नाव जरा टोचायला हवे.

प्रकृती साथ देत नसतानाही ते औरंगाबादला येऊन बांधकामावर लक्ष ठेवत, झाडे कुठे लावायची तेही पाहत. वसतिगृह परिसरातच होते. नांदेड, बीड, परभणीकडच्या खेड्यांतून मुले आली, दलित आली, मराठा आली, मुस्लिमही आली.

मिलिंद नुसते पदव्या देत बसले नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस हे स्वतः सवर्ण कुटुंबातले. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, अस्पृश्यांच्या शोषणाचा युगायुगांतला प्रवास दाखवणारे. १९५५ मध्ये ते बाबासाहेबांसमोर मिलिंदमध्ये झाले आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात अफाट जनसमुदायापुढे झाले. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातले नाटक समाजाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी समाजापुढे गेले! आपण झाडीपट्टीतली माणसे. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर थंडीत बसून नाटक पाहणारा समाज आपला आहे. अशा जिल्ह्यातल्या कॉलेजांची संमेलने सिनेमाच्या गाण्यांवर का संपतात, हे मला समजत नाही.

पुढे नागपूरचे गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये शिकवायला होते. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याभोवती उभे राहिलेले ‘अस्मितादर्श’ दलित साहित्याचे घर झाले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १९९४ पर्यंत चालला. त्यात नागसेनवनातली मुले पुढे होती. हे सगळे बाबासाहेबांच्या पश्चात घडले, पण बीज त्या माळावरच पडलेले होते. त्याच सोसायटीत पुढे पदांवरून वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, हेही सांगायला हवे. जयंतीच्या भाषणात आपण ते वगळतो, आणि आपल्याच गावच्या संस्थेत तेच पुन्हा करतो.

मिलिंद चार वर्षांचे असताना बाबासाहेब आपल्या भागात आले ते मते मागायला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत ते हरले होते. १९५४ साली भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. वय त्रेसष्ट, मधुमेह, चालताना आधार लागे, एप्रिलचे ऊन. दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेब नक्की येतील, असे काही कार्यकर्त्यांचे गणित होते. त्यांनी ते साफ नाकारले. ज्याने संविधान लिहिले तो मत कुजवायला कसा सांगेल? निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले.

हा पराभव आपल्या जिल्ह्याच्या खात्यावर आहे, आणि जुनी माणसे तो आजही हळू आवाजात सांगतात. बाबासाहेब मात्र कॉलेजच्या कामाला लागलेलेच होते. त्यांची राज्यसभेची जागा होती, प्रकृती दिवसेंदिवस खालावत होती, धम्मावरचा ग्रंथ लिहून व्हायचा होता, तरी सोसायटीची कामे थांबली नाहीत. १९५३ मध्ये सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय निघाले होते, १९५६ मध्ये विधी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली, १६ ला चांद्याची, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. विधी महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे पहिले वर्षही तेव्हा पुरे झाले नव्हते.

१९५८ साली विडी व्यवसायातले मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि या भागातल्या मुलांची शहरातल्या कॉलेजची सोय होऊ लागली. १९६४ मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. गोंदियाहून रेल्वेने नागपूर गाठणाऱ्या मुलांना, ज्या मैदानावर त्यांच्या आईवडिलांनी धम्म घेतला, त्याच मैदानावर वर्गात बसता येऊ लागले.