विल्यम केरी : सुवार्तेच्या कामाची तयारी



मराठीत छापलेले मत्तयकृत शुभवर्तमान लोकांच्या हाती प्रथम कधी आले असेल, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? ते साल होते १८०५. पुण्यात तेव्हा अजून पेशवाई होती. आणि ते पुस्तक पुण्यात किंवा मुंबईत छापले गेले नाही. ते छापले गेले बंगालमध्ये, कोलकात्याजवळ हुगळी नदीच्या काठी असलेल्या सेरामपूर गावी. या गावाला श्रीरामपूर असेही म्हणतात, पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर वेगळे. ज्यांच्या कष्टामुळे हे काम झाले, त्या विल्यम केरी यांच्याविषयी आज वाचू या. त्यांची मोठी कामे आपण उपदेशांत ऐकलेली असतात. ती कामे त्यांनी कशी आखली, पैसा कुठून आणला आणि वेळ कसा काढला, हे मात्र फारसे ऐकायला मिळत नाही.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात एका विणकराच्या घरी झाला. पुढे ते जोडे शिवायला शिकले. काम करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांचा अभ्यास केला. त्यांच्या भिंतीवर हाताने बनवलेला जगाचा नकाशा असे आणि प्रत्येक देशाविषयी वाचलेली माहिती ते त्यावर लिहून ठेवत. १७९२ साली त्यांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. सर्व राष्ट्रांना सुवार्ता सांगण्याची प्रभूची आज्ञा आजही लागू आहे, हा त्याचा विषय. त्यातील बरीच पाने तक्त्यांनी भरलेली आहेत : देशाचे नाव, लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. मी वाणिज्य शाखेत शिकते, म्हणून असेल कदाचित, पण मला ती पाने सर्वांत जास्त आवडतात. प्रत्येकाने दर आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचनाही त्यात आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे काही पाळक एका घरात जमले आणि त्यांनी मिशनरी संस्था स्थापन केली. त्या दिवशी देण्याचे वचन मिळालेली रक्कम होती १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स.

एवढी आखणी करूनही पहिले वर्ष फार वाईट गेले. १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये केरी आपल्या कुटुंबासह आणि डॉक्टर जॉन थॉमस यांच्यासह कोलकात्याला पोहोचले. थॉमस प्रेमळ आणि आवेशी होते, पण पैसा त्यांच्या हातात टिकत नसे आणि त्यांची जुनी देणीही होती. थोड्याच काळात सगळ्यांच्या खर्चाची रक्कम संपली. केरींना मुलाबाळांसह सुंदरबनच्या जंगलाकडे जावे लागले. १७९४ मध्ये मालदा भागात मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे घर सावरले. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने वारला.

इथे डोरोथीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केरी यांच्या पत्नीची भारतात येण्याची मुळीच इच्छा नव्हती. शेवटच्या क्षणी त्या तयार झाल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर तान्हे मूल होते. पीटर गेल्यानंतर त्यांचे मन आजारी पडले आणि डिसेंबर १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते बरे झाले नाही. पलीकडच्या खोलीत त्यांचा आक्रोश चालू असे आणि अलीकडे केरी भाषांतर करत बसलेले असत. काही चरित्रांत हे एका वाक्यात उरकले जाते. मला ते योग्य वाटत नाही. केरी यांच्या तक्त्यांत सगळ्या जगाची मोजदाद होती, पण डोरोथी यांच्या मनाची तयारी हा त्या योजनेचा भाग झाला नाही. तुम्ही सेवेची योजना करत असाल आणि घरचे माणूस गप्प असेल, तर त्याला एकदा मोकळेपणाने विचारा.

निळीच्या कारखान्याच्या वर्षांत केरी बंगाली शिकले, नवा करार बंगालीत आणला आणि लाकडी छापखाना मिळवला. एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा मात्र झाला नाही. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून जानेवारी १८०० मध्ये केरी डॅनिश लोकांच्या ताब्यातील सेरामपूरला आले. तिथे जोशुआ आणि हॅना मार्शमन आणि छापखान्याचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड त्यांना मिळाले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. थॉमस यांनी त्यांचा निखळलेला हात बसवला होता, त्यातून ओळख झाली होती. कृष्ण पाल यांनी आपले नाव बदलले नाही, आणि नाव किंवा पेहराव बदलण्याची गरज नाही असेच सेरामपूरच्या बांधवांचे मत होते.

आता पैशाची व्यवस्था पाहा. मार्शमन पतिपत्नी शाळा चालवत. वॉर्ड छापखाना सांभाळत. केरी १८०१ पासून कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा पगार महिना ५०० रुपये होता आणि पुढे तो १,००० झाला. ही सगळी कमाई एकाच सामाईक निधीत जाई. जेवण एकत्र असे आणि प्रत्येक कुटुंबाला हातखर्चाला थोडी रक्कम मिळे. दर शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आपसांतील रुसवेफुगवे मिटवायचे, असाही नियम होता. १८०५ मध्ये त्यांनी आपल्या कामाची तत्त्वे लिहून काढली : लोकांची भाषा आणि रीती शिकायच्या, त्यांचे मन विनाकारण दुखवायचे नाही, सुवार्ता सांगण्याचे काम इथल्याच बांधवांच्या हाती सोपवत जायचे. हा लेख वर्षातून तीनदा प्रत्येक ठिकाणी मोठ्याने वाचायचा, असे ठरले.

केरी यांनी एका पत्रात आपला कोलकात्यातील एक दिवस लिहून ठेवला आहे, जून १८०६ मधला. पावणेसहाला उठून हिब्रू बायबलमधील एक अध्याय आणि प्रार्थना. नोकरांसह बंगालीत उपासना. मुनशीबरोबर फारसी. न्याहारीनंतर पंडितांसोबत संस्कृत रामायणाचे भाषांतर. दहापासून दुपारपर्यंत कॉलेज. मग बंगाली यिर्मयाची मुद्रिते तपासणे, आणि जेवणानंतर सहापर्यंत मत्तयाचे संस्कृत भाषांतर. त्यानंतर तेलुगू. सात वाजता संदेशाची तयारी आणि साडेसातला इंग्रजीत उपदेश. लोक गेल्यावर अकरापर्यंत बंगाली यहेज्केल, आणि झोपण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय. संदेशाच्या तयारीला त्या दिवशी जेमतेम अर्धा तास मिळाला. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्या हातून वचनच जात होते, हे विसरू नका.

मराठीचे काम याच गर्दीत झाले. कॉलेजात मराठी शिकवायची होती आणि पाठ्यपुस्तके नव्हती. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. शब्दकोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. छापखान्यासाठी खिळे पाडण्याचे काम पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी केले. हे दोघे कारागीर नसते तर सेरामपूरचे बरेचसे भाषांतर कागदावरच राहिले असते. १८११ मध्ये मराठी नवा करार पूर्ण झाला.

त्याची भाषा मात्र आपल्याकडे नीट रुजली नाही. वैजनाथ शर्मा नागपूरकडचे होते आणि काम चालले होते बंगालमध्ये. मुंबई-कोकणातील वाचकांना ती मराठी परकी वाटे. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर केले आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये आला. पुढे कितीतरी जणांनी हे काम चालू ठेवले. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी कोलकात्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी येऊन बातमी सांगितली. चौदा भाषांचे खिळे, कागदाचा मोठा साठा, भाषांतरांची हस्तलिखिते आणि केरी यांनी वर्षानुवर्षे जमवलेला अनेक भाषांचा शब्दकोश जळून गेला होता. मुद्रणयंत्रे आणि खिळ्यांचे मूळ साचे वाचले होते. वॉर्ड यांनी वितळलेले शिसे राखेतून गोळा करून पुन्हा खिळे पाडायला घेतले. पुढच्या रविवारी केरी यांनी स्तोत्र ४६ वर संदेश दिला. नंतर त्यांनी तेच भाषांतर पुन्हा सुरुवातीपासून केले. बातमी ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर दोन महिन्यांच्या आतच नुकसानाएवढी रक्कम जमा झाली.

पुढची वीस वर्षे अशीच कामाची होती. १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज सुरू झाले. वाळवी लागणार नाही असा कागद स्वतःच बनवण्यासाठी १८२० मध्ये इंग्लंडहून वाफेचे यंत्र आले. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा आदेश बंगालीत भाषांतरासाठी केरी यांच्याकडे आला, तो दिवस रविवार होता. एक दिवसाचा उशीर म्हणजे कुणा विधवेचा जीव, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर संपवले.

९ जून १८३४ रोजी सेरामपूरला त्यांचे निधन झाले. इतकी वर्षे मोठ्या पगाराची नोकरी केली, पण मृत्युपत्रात वाटण्यासारखे फार थोडे होते. त्यांनी आपला वस्तुसंग्रह आणि निरनिराळ्या भाषांतील बायबले कॉलेजला दिली. बाकीच्या पुस्तकांचा लिलाव करावा आणि आलेल्या पैशांतून मुलगा जेबेझ याला १,५०० रुपये द्यावेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते.