प्रोफेसर प्रशांतचंद्र महालनोबीस

दोन गांवांमधील अंतर रस्त्याच्या कडेच्या दगडांवरून कळतें; परंतु दोन मानवसमूहांमधील किंवा दोन वासांमधील अंतर कोणत्या पट्टीनें मोजावें? यांपैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं शोधून काढिलें, आणि ज्यांच्या उत्तरामुळें दुसराहि प्रश्न पुढें सोपा झाला, त्या प्रोफेसर महालनोबीस यांचें चरित्र पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांच्या सान्निध्यांत वाढणाऱ्या मुलांनीं अवश्य वाचावें.

त्यांचा जन्म २९ जून १८९३ रोजीं कलकत्ता येथें एका ब्राह्म कुटुंबांत झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बसु व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरु त्यांस लाभले. १९१२ सालीं पदार्थविज्ञानाची पदवी मिळवून पुढील वर्षीं ते केंब्रिजला गेले. तेथून १९१५ सालीं स्वदेशीं परत येण्याच्या सुमारास एका शिक्षकांनीं ‘बायोमेट्रिका’ नांवाच्या संख्याशास्त्रीय नियतकालिकाकडे त्यांचें लक्ष वेधिलें. त्याचे अंक त्यांनीं विकत घेतले व प्रवासांत जहाजावरच वाचावयास आरंभ केला. कलकत्त्यास ते पदार्थविज्ञान शिकवूं लागले, परंतु आंकड्यांचा छंद कांहीं सुटला नाहीं.

त्यांच्या आयुष्यास खरें वळण आपल्या महाराष्ट्रांतील नागपुरास लागलें. १९२० सालीं तेथें भारतीय विज्ञान परिषदेचें अधिवेशन भरलें असतां प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनीं कलकत्त्यांतील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराचीं घेतलेलीं मापें तपासण्याची त्यांस विनंति केली. दोन समूह एकमेकांच्या किती जवळचे, हें अशा मापांवरून ठरवावयाचें कसें? एकेका मापांतील फरकांची नुसती बेरीज केली तर फसगत होते; कारण उंच मनुष्याचे हात बहुधा लांबच असतात, आणि एकच गोष्ट दोनदां मोजली जाते. शिवाय जें माप एकाच समूहांत मुळांतच फार कमीजास्त होतें, त्यांतील फरकास महत्त्व थोडें द्यावयास हवें. या दोन्ही गोष्टींचा हिशेब ठेवणारें अंतर त्यांनीं सिद्ध केलें व १९३६ सालीं त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. तेंच आज जगभर ‘महालनोबीस अंतर’ या नांवानें ओळखिलें जातें.

१९३१ सालीं त्यांनीं भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. कॉलेजांतील एका खोलींत तिचें काम चाले, आणि पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशें रुपयांच्या आंतच होता. पुढें बंगालमधील तागाच्या पिकाची मोजणी त्यांनीं हातीं घेतली. सर्व शेतें न पाहतां, निवडक शेतांवरून संपूर्ण पिकाचा अंदाज बांधावयाचा होता. अशा कामांत ते एकाच प्रदेशांतील नमुने दोन स्वतंत्र तुकड्यांकडून घेववीत आणि त्यांचे निष्कर्ष जुळतात कीं नाहीं तें पाहत. मोजणाऱ्याचीहि मोजणी झाली पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. १९५० सालीं सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही त्यांच्याच प्रयत्नांचें फळ होय. २८ जून १९७२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. २००७ सालापासून त्यांचा जन्मदिवस आपल्या देशांत सांख्यिकी दिन म्हणून पाळिला जातो.

आतां वासाकडे वळूं. ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणून जें यंत्र निघालें आहे, त्यांत निरनिराळ्या वायूंना कमीअधिक दाद देणाऱ्या अनेक चकत्या असतात. कथिलाच्या ऑक्साइडाच्या चकतीला वायू लागला कीं तिचा विजेस होणारा विरोध बदलतो. एकटी चकती वास ओळखीत नाहीं. सर्वांचे आंकडे मिळून त्या वासाचा जणू ठसा उमटतो. नांव ठाऊक असलेले पुष्कळ नमुने दाखवून यंत्रास आधीं शिकवितात. मग अनोळखी वासाचा ठसा कोणत्या ठशांच्या समूहास सर्वांत जवळ आहे तें यंत्र पाहतें. या चकत्याहि हातापायांच्या मापांप्रमाणें एकमेकींबरोबर हलतात, आणि दमट हवेनेंहि त्यांचे आंकडे बदलतात. म्हणून महालनोबीसांचें अंतर येथें फार उपयोगी पडतें. कलकत्त्याच्या सी-डॅक संस्थेंतील व जादवपूर विद्यापीठांतील संशोधकांनीं काळा चहा पुरेसा आंबला कीं नाहीं हें वासावरून ठरविण्यासाठीं या अंतराचा उपयोग केला व २००७ सालीं तें प्रसिद्ध केलें.

आपल्या भागांत याचें महत्त्व चहाहून मोठें आहे. रंगकामाच्या दालनांत किंवा रबराच्या भट्टीजवळ काम करणाऱ्यांचें नाक थोड्याच वेळांत वासास सरावतें. गटारांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू फार झाला तर घ्राणशक्तीच बधिर करितो. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असें नव्हे. तसेंच, दुर्गंधीची तक्रार करणाऱ्याजवळ आंकडा नसला तर त्याचें म्हणणें सहज उडवून लावितां येतें. आंकडा हातीं आला म्हणजे गरिबाच्या तक्रारीसहि वजन येतें.

मात्र यंत्रास शिकविणारीं माणसेंच असतात. दुर्गंधीची तीव्रता ठरवितांना आजहि निवडक माणसांस तो वास शुद्ध हवेंत मिसळून हुंगावयास देतात. निम्म्या लोकांस तो येईनासा होण्यास किती पट हवा लागली, यावरून माप ठरतें. त्यांनीं आळसानें किंवा कोणाच्या भीडेनें खोटें माप दिलें, तर यंत्रहि तोच खोटेपणा शिकेल आणि मोठ्या अचूकपणानें चुकेल. विज्ञानाच्या वर्गांत हव्या त्या उत्तरासाठीं एखादा आंकडा बदलण्याचा मोह झाला, तर बाळांनो, तागाच्या शेतांवर पाठविलेल्या त्या दोन तुकड्या आठवा.