अन्नपूर्णेच्या शेजारचा ग्रंथ : कै. कमलाबाई ओगले

विवाहाच्या दिवशी वधू गौरीहरापाशी जी अन्नपूर्णा पूजते, तीच मूर्ती घेऊन ती सासरी जाते. १९७० नंतर महाराष्ट्रातील कित्येक वधूंच्या सामानात त्या मूर्तीबरोबर एक पाकशास्त्राचे पुस्तकही जाऊ लागले. ते पुस्तक म्हणजे 'रुचिरा', आणि त्याच्या कर्त्या कै. कमलाबाई ओगले. नवरात्रात देवीच्या या अन्नदात्या रूपाचे पूजन करताना आम्हांला या साध्वी गृहिणीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

कमलाबाईंचा जन्म १९१३ साली सांगलीकडील कुंडल या गावी झाला. शालेय शिक्षण म्हणाल तर अवघे चार इयत्तांचे. विवाहोत्तर सासूबाईंच्या हाताखाली त्यांनी स्वयंपाकाचे धडे घेतले. चूल हीच पाठशाला आणि सासूबाई याच गुरू! पुढे त्या स्वतः इतर स्त्रियांना पाककला शिकवू लागल्या आणि त्यातूनच ग्रंथलेखनाची प्रेरणा झाली.

आमच्याकडे स्वयंपाकाची विद्या पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आली. मीठ किती, तर अंदाजाने. गूळ किती, तर डाळीला लागेल तितका. एकत्र कुटुंबात हा अंदाज पाहून पाहून अंगवळणी पडे. परंतु नोकरीनिमित्त शहरात दोन खोल्यांचा संसार थाटणाऱ्या मुलीने तो कोणाला पाहून शिकावा? त्यातही नैवेद्याचा स्वयंपाक अधिकच अवघड. देवाला दाखविण्यापूर्वी पदार्थ चाखावयाचा नाही, हा आपला दंडक. कटाच्या आमटीत मीठ कमी पडले की अधिक, हे पान वाढल्यानंतरच कळावयाचे! अशा वेळी हाताला निश्चित माप हवे.

ते माप कमलाबाईंनी दिले. तराजू आणि वजने त्यांनी दूर ठेवली. वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरी असणारी साधनेच प्रमाण मानली. आम्हांला त्यांच्या बुद्धीचे खरे कौतुक वाटते ते येथे. वाटी लहान असो वा मोठी, एकाच वाटीने सारे मोजले की जिनसांचे परस्परप्रमाण ढळत नाही. मोदकाची उकड काढताना पीठ आणि पाणी यांचा मेळ चुकला तर पारी चिरते. पुरणात गूळ वाढला तर ते पातळ होऊन पोळी फुटते. या गोष्टी ज्या घरात सांगावयास वडीलधारे कोणी नव्हते, त्या घरात 'रुचिरा' बोलली. भाषाही ओट्याशी उभे राहून समजावी अशी. कोठे पांडित्य नाही. लाखावर प्रती खपलेल्या या ग्रंथाला लाखभर सुनांची सासू असे कौतुकाने म्हटले गेले, ते आम्हांस यथार्थ वाटते. (अशी न रागावणारी सासू मिळणे हेही भाग्यच!)

उतारवयात कमलाबाई ऑस्ट्रेलियात मुलाकडे राहिल्या. तेथील पदार्थही त्यांनी जिज्ञासेने आत्मसात केले आणि 'रुचिरा'चा दुसरा भाग सिद्ध केला. चौथी शिकलेल्या स्त्रीची ही ज्ञानलालसा थोर होय.

१९९९ साली त्यांचे निधन झाले. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या. जुन्या घरांतील प्रतींची बांधणी सुटलेली असते, पाने हळदीने पिवळी पडलेली असतात, आणि पुरणपोळीच्या पानावर तुपाचा डाग हटकून असतो.