आपल्याच शाळेची परीक्षा घेणारी बाई

मैत्रिणींनो, 12 मे म्हणजे जागतिक परिचारिका दिन. या दिवशी नर्सिंगचा कोर्स चालवणाऱ्या एका संस्थेने आमच्या महिला मंडळाला बोलावलं होतं. दिवा हाती घेतलेल्या फ्लॉरेन्स नाईटिंगेलच्या तसबिरीला हार घातला, मुलींनी मेणबत्त्या लावून शपथ घेतली, भाषणं झाली. चहाच्या वेळी आमच्याच गल्लीतली एक मुलगी हळूच जवळ आली. काकू, सहा महिने झाले पण तास जेमतेम होतात, आम्हाला दवाखान्यात रात्रपाळीला फुकट राबवतात, असं ती अगदी दबक्या आवाजात सांगत होती. तिच्या आईने गळ्यातलं गहाण ठेवून फी भरलेली. मला तो चहा कडूच लागला.

घरी येऊन मी नाईटिंगेलबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. शाळेत धड्यात वाचली होती ती फक्त दिवा घेतलेली बाई. तिने शाळा काढली आणि पुढे त्या शाळेची झाडाझडतीही घेतली, हे कुठे आठवत होतं?

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. त्या शहराचंच नाव तिला दिलं. घर इंग्लंडमधलं, चांगलं गडगंज. त्या काळी तिथे नर्सचं काम म्हणजे कुठेच थारा नसलेल्या बायकांचं काम, असा समज होता. थोरामोठ्यांच्या मुलीने रुग्णांची सेवा करायची म्हटल्यावर घरात रडारड झाली. मुलगी मात्र हट्टाला पेटलेली. 1851 साली जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे तिने काही महिने शिक्षण घेतलं आणि 1853 मध्ये लंडनच्या एका लहान रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

पुढे क्रिमियाचं युद्ध पेटलं. 1854 च्या नोव्हेंबरमध्ये 38 परिचारिकांना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. घाण, उवा, तुंबलेली गटारं! सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरत होते. तिने स्वयंपाकघर लावून घेतलं, कपडे धुण्याची सोय केली, रात्री कंदील घेऊन वॉर्डांतून फेऱ्या मारल्या. तो कंदील चित्रातल्यासारखा समईवजा दिवा नव्हता बरं का, तो घडीचा तुर्की कंदील होता. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू थांबेनात. 1855 च्या वसंतात सरकारने पाठवलेल्या आरोग्य पथकाने गटारं साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे आकडे झपाट्याने खाली आले. परत आल्यावर फ्लॉरेन्सने ही आकडेवारी घेऊन सरकारपुढे मांडली. आपली वाहवा होत असताना, नुसत्या मायेने भागत नाही, स्वच्छता लागते, हे तिने जगाला दाखवून दिलं.

लोकांनी तिच्या सन्मानार्थ निधी जमवला, सुमारे 45 हजार पौंड. त्यातून 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत 15 मुली. राहणं, जेवण, गणवेश शाळेकडून, आणि वर वर्षाला 10 पौंड हातखर्चाला! कुठल्याही पंथाच्या मुलीला दार उघडं. मेट्रन होत्या मिसेस वॉर्डरोपर. त्या दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरायच्या. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांना शेरे, आणि पट्टी बांधण्यापासून वॉर्ड सांभाळण्यापर्यंत प्रत्येक कामालाही शेरा. मुलींनी दिसलेलं रोज लिहून ठेवायचं, हाही दंडक होता.

तक्ता होता तो मुलींचा. शिकवणाऱ्यांचा तक्ता कोण भरणार?

फ्लॉरेन्स स्वतः युद्धातून आजार घेऊन आली होती. बरीच वर्षं ती घरातून, अंथरुणावरूनच पत्रं लिहून कारभार बघायची. वरून सगळं छान दिसत होतं. शाळेचं नाव दूरवर गेलं होतं. पण 1872 च्या सुमारास तिने बारकाईने चौकशी केली, तेव्हा तिचे डोळे उघडले. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मुलींना व्याख्यानं द्यायची, त्यांच्या वह्या तपासायच्या, त्याने ते काम जवळजवळ सोडूनच दिलं होतं. त्यात दारूचं व्यसन. मेट्रनबाई सगळ्या रुग्णालयाच्या कामाखाली दबलेल्या, मुलींकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. आणि शिकायला आलेल्या मुली रुग्णालयाला स्वस्तात मिळालेले हात म्हणून वापरल्या जात होत्या.

बघा, बायांनो! जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या नर्सिंग शाळेची ही गोष्ट. माझ्या गल्लीतली मुलगी तरी दुसरं काय सांगत होती?

आपल्या नावाची शाळा म्हणून तिला झाकपाक करता आली असती. तिने तसं केलं नाही. त्या अधिकाऱ्याला शिकवण्याच्या कामातून दूर केलं आणि व्याख्यानं जॉन क्रॉफ्ट या सर्जनकडे सोपवली. मुलींच्या निवासात त्यांचा अभ्यास आणि वागणं बघायला स्वतंत्र 'होम सिस्टर' नेमली. शिकणाऱ्या मुलींना एकेकीला घरी बोलावून ती चहा पाजायची आणि विचारायची, तुला काय शिकवलं, कोणी शिकवलं, वॉर्डातली सिस्टर कशी वागते. सगळं टिपून ठेवायची. म्हणजे मुलींच्या तोंडून शिक्षकांचा तक्ता भरला जाऊ लागला! अधूनमधून ती मुलींना लांबलचक पत्रंही लिहायची.

ती काही देवी नव्हती. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी या मागणीला तिने विरोध केला. चारित्र्य परीक्षेने मोजता येत नाही, असं तिचं म्हणणं. काळाने तो मुद्दा मागे टाकला, 1919 साली इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा झालाच. आणि आपल्याकडे तिच्या नावाने घेतात ती शपथसुद्धा तिने लिहिलेली नाही. ती 1893 मध्ये अमेरिकेत तयार झाली.

आपल्या मातीशीही तिचा धागा आहे. हिंदुस्थान तिने कधी पाहिला नाही, पण इथल्या खेड्यांच्या आरोग्यासाठी वर्षानुवर्षं लिहीत राहिली. बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला 1892 साली तिने प्रस्तावना दिली. याच दोघांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन काढलं, आणि पुण्याचं सेवासदन रमाबाई रानड्यांनी उभं केलं. तिथल्या विधवा मुलीही परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

13 ऑगस्ट 1910 ला, नव्वदाव्या वर्षी फ्लॉरेन्स गेली. राजेरजवाड्यांच्या शेजारी दफन करण्याचा मान घरच्यांनी नम्रपणे नाकारला. गावाकडच्या साध्या थडग्यावर नावाची फक्त आद्याक्षरं आहेत.

त्या मुलीचं काय झालं म्हणाल, तर तिची आई, मी आणि मंडळाच्या दोघीजणी संस्थेत गेलो. भांडलो नाही. वेळापत्रक दाखवा म्हटलं, शिक्षकांचा हजेरीपट दाखवा म्हटलं, मान्यतेचं पत्र मागितलं. मान्यतेचं पत्र निघालं, हजेरीपट मात्र कोरा. त्यानंतर तास सुरू झालेत, रात्रपाळी कमी झालीय. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण आता आम्ही दर महिन्याला जातो.

तुमच्या लेकीला, भाचीला अशा कोर्सला घालणार असाल तर आधी विचारा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, शिकवणार कोण, दवाखान्यातलं काम शिकण्याचं की राबण्याचं, फीची पावती मिळते का, तक्रार कोणाकडे करायची. विचारायला लाजू नका. पुढच्या 12 मेला तसबिरीला हार घालताना त्या बाईचा दिवा तर आठवाच, पण तिची ती टिपणवहीही आठवा.