सगळे नियम मोडायला निघालेले हिप्पी ओशोंच्या आश्रमात एकाच रंगाचे कपडे का घालायचे?

सत्तरच्या दशकात पुण्याच्या कोरेगाव पार्कात लांब केसांचे, दाढीवाले गोरे तरुण आणि त्यांच्यासोबतच्या तरुणी सर्रास दिसायच्या. सगळ्यांच्या अंगावर भगवे कपडे. गळ्यात १०८ मण्यांची माळ आणि तिच्या लॉकेटमध्ये एकाच माणसाचा फोटो.

यातले बरेच जण हिप्पी वळणाचे. ऑफिसचा टाय, लष्कराची वर्दी, रविवारचं चर्च हे सगळं नाकारून निघालेले. कुणी काबूलमार्गे भारतात आलेलं, कुणी गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळा काढून पुण्यात पोहोचलेलं. मग इथे येऊन त्यांनी गणवेश का चढवला?

त्याचं उत्तर फोटोतल्या माणसाच्या आयुष्यात सापडतं. तो माणूस म्हणजे रजनीश.

११ डिसेंबर १९३१ ला मध्य प्रदेशातल्या कुचवाड्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव चंद्रमोहन जैन. जबलपूरला ते तत्त्वज्ञान शिकवायचे आणि गांधीवादापासून रूढ धर्मापर्यंत सगळ्यांवर तुटून पडायचे. १९६६ मध्ये नोकरी सोडली, १९७० मध्ये मुंबईत आले. त्याच वर्षी मनालीच्या शिबिरात त्यांनी नवसंन्यासाची दीक्षा द्यायला सुरुवात केली.

खरी मेख इथेच आहे. त्यांच्या संन्यासात घर, पैसा, शरीरसुख यातलं काहीच सोडायचं नव्हतं. भगवे कपडे, माळ, नवं नाव आणि ध्यान, एवढंच. त्यागाचा रंग त्यांनी भोग न सोडणाऱ्यांना दिला. म्हणजे सुरुवातीला हा गणवेश हेच एक बंड होतं. १९७४ मध्ये आश्रम पुण्यात आला तेव्हा पुणेकर चिडले तेही यामुळेच. रस्त्यात मिठी मारणारं जोडपं एक वेळ चाललं असतं, पण भगव्या कपड्यात?

पुढे मात्र बंडाची खूण ओळखपत्र झाली. ज्याच्या गळ्यात माळ तो आपला. रजनीशांना दमा आणि ॲलर्जी होती, म्हणून प्रवचनाच्या दारात स्वयंसेवक प्रत्येकाच्या केसांचा वास घ्यायचे. सुगंधी शाम्पूचा वास आला की प्रवेश नाही. आईने सांगून केस न कापणारी ही पोरं इथे रांगेत निमूट मान वाकवायची.

जबरदस्ती कुणी केली नव्हती. पण घर, गाव, जुने मित्र मागे टाकून आलेल्याला परक्या देशात आपलं म्हणणारी ही एवढीच माणसं होती. ती गमवायची तयारी किती जणांची असणार?

त्याची किंमत अमेरिकेत दिसली. १९८१ मध्ये रजनीश तिकडे गेले आणि ओरेगॉनमधल्या ६४,००० एकरांवर रजनीशपुरम उभं राहिलं. भगव्यासोबत लाल छटा आल्या. रजनीशांची रोल्स रॉईस रोज रस्त्यावरून जायची आणि शिष्य दुतर्फा हात जोडून उभे राहायचे. उच्चशिक्षित माणसं होती ही. पण कारभाराबद्दल शंका काढणारा नकारात्मक ठरायचा. याच काळात, १९८४ मध्ये, शेजारच्या द डॅल्स शहरात हॉटेलांमधल्या सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला यांना पुढे तुरुंगवास झाला.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला निघून गेल्या. रजनीशांनी त्यांच्यावर जाहीर आरोप केले आणि आता लाल कपडे, माळ घालायची गरज नाही असं सांगून टाकलं. गंमत बघा, ही मोकळीकसुद्धा वरूनच आली! पुढच्याच महिन्यात रजनीशांना अटक झाली. इमिग्रेशनच्या खटल्यात ४ लाख डॉलर भरून त्यांना अमेरिका सोडावी लागली.

१९८७ मध्ये ते पुण्यात परतले. १९८९ मध्ये ओशो हे नाव घेतलं आणि त्याच सुमारास आश्रमात पुन्हा पोशाख ठरला, दिवसा मरून झगा आणि संध्याकाळी पांढरा. १९ जानेवारी १९९० ला पुण्यातच त्यांचं निधन झालं.

झगे अजून आहेत. माळेचं मात्र उलट झालं. मार्च २०२३ मध्ये माळ घालून आत सोडत नाहीत म्हणून शिष्यच आश्रमाच्या दारात जमले, आत घुसले, आणि पोलिसांना लाठीमार करावा लागला.