चौथी पास शेठजी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, असा फतवा आपल्या ग्रुपवर निघाला. त्याच आठवड्यात शाळेच्या निधीसाठी आकडे टाकायला सुरुवात झाली. मी आकडा टाकण्याचं लांबवत होतो. मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते, एकदा हे सगळं मोकळं झालं की देऊ, असं मी गेली पंधरा वर्षं म्हणतोय. म्हणून ज्यांनी याच्या अगदी उलट केलं, त्या जमनालाल बजाज यांच्याबद्दल लिहितो.

आपण दहावीच्या उंबरठ्यावर होतो तेव्हा, १९८५ साली, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे आपल्यातले कितीतरी जण वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये बसले. बीड बायपासवरचं कमलनयन बजाज हॉस्पिटल १९९०चं. आपल्यापैकी बहुतेकांनी तिथे कधी ना कधी एखादी रात्र बाकावर काढली आहे. एवढं जवळचं नाव, पण ते कमलनयन कोण आणि त्यांचे वडील कोण, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. वर्ध्याला एका लग्नाला गेलो आणि रिकामा वेळ होता म्हणून सेवाग्राम पाहिलं, तिथून ही ओढ लागली.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. घर साध्या शेतकरी-व्यापाऱ्याचं. वर्ध्याचे गडगंज कापूसव्यापारी शेठ बच्छराज यांचा मुलगा वारला होता. नातू म्हणून त्यांनी या पोराला दत्तक घेतलं आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा वऱ्हाडाच्या शेजारी येऊन पडला. शाळा झाली मराठी चौथीपर्यंत. त्यानंतर पेढी, तागडी आणि कापूस. पुढे ज्यांनी शाळा-कॉलेजं उभी केली, त्यांचं शिक्षण इतकंच.

त्यांच्या आयुष्यातली कळीची गोष्ट १९०७ सालची. वय सतरा. एका लग्नाला जायचं होतं आणि घरच्यांचा आग्रह होता की शेठच्या नातवाने दागिने घालून मिरवावं. त्याने नकार दिला. बच्छराज तापट होते. संपत्तीवरून ते नको ते बोलून गेले. मुलाने वाद घातला नाही. आपला या इस्टेटीवर काहीही हक्क नाही, असं रीतसर स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं आणि तो घराबाहेर पडला. म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला, त्याला समजावून परत आणलं. त्याच वर्षी बच्छराज गेले आणि सगळा कारभार या मुलाच्या हाती आला. पण लिहून दिलेला कागद त्याने मनातून कधी फाडला नाही. ही दौलत आपली नाही, आपण फक्त ती सांभाळणारे, अशी त्याची समजूत झाली. गांधीजींचा विश्वस्ताचा विचार त्याच्या कानावर यायला अजून बरीच वर्षं होती.

इथे साता समुद्रापारची एक गोष्ट आठवते. जमनालालजी जन्मले त्याच वर्षी, १८८९ साली, अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने एक लेख लिहिला. श्रीमंताने जास्तीची संपत्ती जिवंतपणीच समाजासाठी खर्चून टाकावी, असं त्याचं म्हणणं. तो बोलला तसं वागलाही. १९०१ साली त्याने कारखाने विकले आणि त्याच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं झाली. पण त्याआधी १८९२ साली त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात पगारकपातीवरून झगडा पेटला, गोळीबार झाला, माणसं मेली. आधी मिळेल तसं मिळवायचं आणि नंतर चांगलं द्यायचं, असा तो क्रम होता. दान खरं होतं, पण मिळवण्याचा हिशेब वेगळ्या वहीत होता.

जमनालालजींची वही एकच होती. आपण मराठवाड्याची माणसं, कापसाचं वजन वाढवायला त्यावर पाणी मारतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्यांच्या काळीही तोच रिवाज होता. त्यांनी तो आपल्या पेढीत बंद केला. लोक वेड्यात काढत होते. पण पुढे त्यांच्या गाठींना मुंबईच्या बाजारात जास्त भाव मिळू लागला, कारण उघडून पाहायची गरज नव्हती.

१९१४ साली त्यांनी वर्ध्याला शिक्षण मंडळ सुरू केलं. १९१५ला गांधीजी आफ्रिकेतून परतल्यावर जमनालालजी त्यांच्याकडे जाऊ-येऊ लागले, पण लगेच भाळले नाहीत. व्यापारी माणूस, माल पारखून घेतला. बोलणं आणि वागणं एक आहे याची खात्री पटली आणि १९२०च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी, स्वतः स्वागताध्यक्ष असताना, त्यांनी गांधीजींकडे आपल्याला पाचवा मुलगा मानण्याची विनंती केली. बापाने मुलगा दत्तक घेतलेला आपण पाहतो, इथे मुलाने बाप घेतला. सरकारने दिलेली रायबहादूर पदवी परत गेली. वकिली सोडणाऱ्या देशभक्तांची घरं चालावीत म्हणून एक लाख रुपये गेले. १९२१चे एक लाख! त्याच वर्षी विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले.

१९२३च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना दीड वर्षाची शिक्षा आणि तीन हजार दंड झाला. दंड भरला नाही म्हणून सरकारने मोटार जप्त करून लिलावात काढली, तर नागपुरात बोली लावायला माणूस पुढे येईना. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं. जातभाईंचा रोष झाला. पैसा देणं त्या मानाने सोपं असतं, सोयरेधायरे दुखावणं अवघड. हेही त्यांनी केलं.

गांधीजींना वर्ध्याला त्यांनीच आणलं. मगनवाडीची बाग ग्रामोद्योगाला दिली. १९३६ला गांधीजी ज्या सेगावात राहायला गेले आणि ज्याचं सेवाग्राम झालं, तिथली बरीचशी जमीन जमनालालजींचीच होती. आपल्या शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, नई तालीम ज्या परिषदेतून निघाली ती ऑक्टोबर १९३७ची वर्ध्याची शिक्षण परिषद त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने भरली होती. म्हणजे तोही एका शाळेचा सोहळाच!

हे सगळं वाचताना मला वाटायचं, या माणसाला किती समाधान असेल. तसं नव्हतं. आपल्या मनातले दोष ते गांधीजींना पत्रांतून मोकळेपणाने कळवत. शांती मिळावी म्हणून रमण महर्षींकडे गेले, १९४१ला तुरुंगातून सुटल्यावर आनंदमयी माँकडे गेले. शेवटी गोसेवेचं काम अंगावर घेतलं आणि वर्ध्याच्या गोपुरीत झोपडीत राहायला लागले. ११ फेब्रुवारी १९४२ला ते अचानक गेले. वय अवघं बावन्न, आपल्यापेक्षा लहान. जानकीदेवींनी आपल्या नावावरचं सगळं गोसेवेला देऊन टाकलं. ज्या स्कूटरमुळे आपल्याला बजाज हे नाव कळलं, ती जमनालालजींनी कधी पाहिलीही नाही.

आता माझ्या आकड्याकडे येतो. दहावीला बोर्डाची फी भरायच्या शेवटच्या दिवशी आपल्या वर्गातल्या एकाकडे पैसे नव्हते. आपल्या एका सरांनी ते भरले. त्यांचाही पगार तेव्हा वेळेवर होत नव्हता, हे पुढे कळलं. तो मुलगा मी होतो. पहिल्या पगारातून पैसे परत करायला गेलो तर सरांनी घेतले नाहीत. ते माझे नव्हतेच, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले आणि चहा मागवला. तेव्हा मला वाटलं, सर भिडेखातर बोलताहेत. वर्ध्याच्या शेठजींची गोष्ट वाचल्यावर कळलं की ते हिशेबाचं बोलत होते.

हप्ते अजून चार वर्षं चालू आहेत. आकडा मात्र आज सकाळी टाकला.